अत्यग्नीचा रुग्ण आणि त्याचे ताट
(अवटु ग्रंथीच्या अतिक्रियेतील आहारविचार)

औषधालयाच्या गल्ल्यावर 'थायरॉइड' हा शब्द आता रोजचा झाला आहे. तो उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात मात्र या ग्रंथीची मंदताच असते. वाढते वजन, सुस्ती, बद्धकोष्ठ आणि पहाटे उपाशीपोटी घ्यावयाची गोळी, एवढेच त्या शब्दाचे चित्र. ग्रंथीच्या अतिक्रियेचा रुग्ण 'थायरॉइड' हा शब्द घेऊन येतच नाही. "खाल्लेले अंगी लागत नाही", "झोप उडाली आहे", "छातीत सारखे धडधडते", "हातातला कप थरथरतो", अशी त्याची भाषा असते. स्त्री रुग्ण असेल तर केस गळण्याची आणि पाळी कमी झाल्याची तक्रार त्यात मिसळलेली असते. अशा रुग्णाला आपल्याकडे काय मिळते? वजनासाठी अश्वगंधा, झोपेसाठी पुन्हा अश्वगंधा, आणि गळ्याशी थोडी सूज दिसलीच तर कांचनार गुग्गुळ. हेतू चांगला असतो. पण रुग्णाची दिशा ओळखल्यावाचून दिलेले हे तीनही पुडे त्याचा रोग वाढवू शकतात. म्हणून या लेखाचा विषय आहार असला तरी औषधाच्या फळीकडेही मधूनमधून वळावे लागणार आहे.

प्रथम थोडी ओळख. बाथ येथील कॅलेब पॅरी यांची या रोगाची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली प्रसिद्ध झाली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली, तर जर्मनीतील मेर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बेसडो यांनी १८४० साली त्याचे वर्णन केले. गळ्याची गाठ, बाहेर आलेले डोळे आणि हृदयाची धडधड हे बेसडो यांचे त्रिकूट आजही शिकविले जाते. ग्रेव्ह्ज यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार प्रतिकारशक्तीच्या विकृतीमुळे होतो आणि अतिक्रियेच्या रुग्णांत तोच सर्वाधिक आढळतो. दुसरा प्रकार गाठाळ गलगंडाचा. तो उतारवयात अधिक दिसतो. तिसरा ग्रंथिशोथाचा, म्हणजे थायरॉइडायटिसचा. यात ग्रंथी नवे संप्रेरक अधिक तयार करीत नसते, तर साठवलेले बाहेर सांडत असते. काही बाळंतिणींत प्रसूतीनंतरच्या वर्षात तो दिसतो, काही आठवड्यांनी ओसरतो आणि त्यात ग्रंथीची क्रिया दाबणाऱ्या औषधांचा उपयोग नसतो. रक्ततपासणीत टी.एस.एच. अगदी खाली आणि टी-३, टी-४ वर, हे चित्र तिन्ही प्रकारांत सारखेच दिसते. त्यामुळे नुसता अहवाल पाहून प्रकार ठरत नाही आणि प्रकार ठरल्यावाचून चिकित्सा ठरत नाही.

या चाचण्या हाती येण्यापूर्वी रुग्णाला विश्रांतीत ठेवून त्याचा प्राणवायूचा खप मोजीत असत आणि त्यावरून मूलभूत चयापचयाचा वेग काढून निदान करीत. ती पद्धत मागे पडली, पण तिच्यातील दृष्टी आपल्या शास्त्राला अगदी जवळची आहे. हा रोग म्हणजे शरीरातील अग्नी किती पेटला आहे, याचेच मोजमाप.

गलगंड नव्हे, अत्यग्नी

अवटु ग्रंथीचा कोणताही विकार गलगंडाच्या खात्यात मांडण्याची आपल्याकडे सवय आहे. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात गलगंडाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वातज, कफज आणि मेदोज. पित्तज गलगंड त्यांनी सांगितलेला नाही, हे सूचक आहे. कांचनार, गुग्गुळ, त्रिकटू यांची जी परंपरा गलगंडात चालत आली, ती कफमेदाच्या लेखनासाठी. घाम, दाह, तृष्णा, अतिक्षुधा, कृशता आणि द्रवमलप्रवृत्ती असलेल्या रुग्णाला लेखन आणि दीपन देणे म्हणजे जळत्या घरात वारा घालणे होय. गाठ गळ्यातच असली तरी संप्राप्ती वेगळी आहे.

ती संप्राप्ती चरकांच्या ग्रहणीचिकित्सेत, म्हणजे चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात, अत्यग्नीच्या वर्णनात सापडते. उत्तरकालीन ग्रंथांनी तिलाच भस्मक म्हटले. कफ क्षीण झाला, पित्त कुपित झाले आणि वाताने त्याला साथ दिली की अग्नी एवढा तीक्ष्ण होतो की तो अन्न पुन्हा पुन्हा झपाट्याने पचवितो आणि अन्न संपले की धातूंकडे वळतो. रुग्ण जेवला की त्याला बरे वाटते, जिरले की तो गळून जातो. तृष्णा, श्वास, दाह, मूर्च्छा ही लक्षणे तेथे सांगितली आहेत. आधुनिक ग्रंथातील स्नायूंचा क्षय, अस्थींची झीज आणि उष्णतेचा असह्यपणा शेजारी मांडला तर दोन्ही वर्णने एकाच रुग्णाची वाटावीत. ती एकच आहेत असा दावा मात्र मी करणार नाही. अत्यग्नी ही अवस्था आहे आणि ग्रेव्ह्जचा विकार हा कारणासह सांगितलेला रोग आहे. आहार ठरविण्यासाठी अवस्था पुरते. कारण दूर करण्यासाठी ती पुरत नाही.

शिवाय प्रत्येक रुग्ण भस्मकाचा नसतो. साठी उलटलेल्यांत भूक वाढण्याऐवजी मंदावलेली आढळते. रुग्ण उदास, थकलेला, कृश दिसतो, नाडी मात्र जलद आणि पुष्कळदा विषम असते. तेथे कर्करोगाची शंका येते, क्षयाची येते, ग्रंथीची सुचत नाही. अशा वृद्धाला गुरू अन्न भरविण्याचा आग्रह धरू नये. त्याला लघू परंतु स्निग्ध, थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे.

काय, किती आणि केव्हा

चरकांची अत्यग्नीची आहारयोजना गुरू, स्निग्ध, शीत, मधुर, पिच्छिल अशी आहे. आधीचे पूर्ण जिरले नसले तरी पुन्हा पुन्हा खावयास द्यावे, अग्नीला सरपण मिळेनासे होऊन त्याने रुग्णाचा घात करू नये, एवढ्या स्पष्टपणे त्यांनी ते सांगितले आहे. पायस, कृशरा, पिष्टमय पदार्थ, गुळाचे पदार्थ, आनूप मांसरस, तूप आणि जेवणानंतर दिवसाही झोप. एरवी जे जे वर्ज्य, ते येथे पथ्य ठरते.

आजच्या रुग्णाला हे कसे लावावे? रोग ऐन भरात असताना त्याची ऊर्जेची गरज नेहमीपेक्षा चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाढलेली असू शकते. दोन हजार कॅलरींवर चालणारे शरीर अडीच हजार मागते आणि मिळाले नाही तर ते मांसधातूतून वसूल करते. जिना चढताना मांड्या भरून येणे, खाली बसल्यावर हाताचा आधार घेऊन उठणे, ही त्या वसुलीची खूण. म्हणून नुसते तूप-साखर वाढवून भागत नाही, प्रथिने वाढवावी लागतात. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोस सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत म्हटले आहे. या रुग्णांत वृक्काचा विकार नसल्यास मी सव्वा ग्रॅमच्या आसपास ठेवतो. पन्नास किलोच्या स्त्रीला साठ ग्रॅमच्या थोडे वर. केवळ पोळी-भाजी-भातावर जेवणाऱ्या घरात हा आकडा गाठणे सोपे नसते. 'भरपूर खा' असे सांगून रुग्णाला पाठवू नये, ताटाचा हिशेब करून द्यावा.

आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी परके काही आणावे लागत नाही. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी चहा न देता रात्री भिजविलेल्या काळ्या मनुका आणि दोन अंजीर, त्यावर कपभर दूध. न्याहारीला मुगाचे धिरडे लोण्याबरोबर, किंवा तुपावर भाजलेल्या रव्याचा सांजा, किंवा ताकातील नाचणीची आंबील. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली. दहा-अकराच्या सुमारास केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू. दुपारी पोळी अथवा ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, भात, वर चमचाभर नव्हे तर सढळ हाताने तूप. भाजीत दुधी, पडवळ, दोडका, कोहळा, तांदुळजा. शेवटी जिरे घातलेले गोड ताक. चारच्या सुमारास खपली गव्हाची खीर किंवा शिंगाड्याची लापशी. रात्री मुगाची मऊ खिचडी आणि झोपण्यापूर्वी दुधात तूप किंवा शतावरी कल्प. हे रुग्ण अपरात्री भुकेने जागे होतात. उशाशी साळीच्या लाह्यांचा लाडू असू द्यावा असे सांगितले की घरच्यांना हसू येते, पण रुग्णाची झोप सुधारते. मांसाहारी रुग्णास अळणी मांसरस आणि आठवड्यातून दोनदा ताजी मासळी द्यावी.

तिखटाचा प्रश्न मोठा आहे. कोल्हापूरकडचा किंवा खानदेशातला रुग्ण ठेचा, तांबडा रस्सा, काळा मसाला सोडावयास तयार होत नाही. 'बंद करा' म्हटले की तो मान डोलावतो आणि घरी जाऊन तेच जेवतो. त्यापेक्षा फोडणीत मिरचीऐवजी जिरे-धने, आंबटासाठी चिंचेऐवजी कोकम वा आवळा, तोंडी लावण्यास लोणच्याऐवजी मोरावळा, असे बदल सुचवावेत. ते टिकतात. लसणीची चटणी, कुळीथ, हिंग, ओवा, पिंपळी, आल्याचा चहा आणि 'पचनासाठी' घरोघरी असलेली हिंग्वाष्टकाची बाटली, ही सारी पेटलेल्या अग्नीला फुंकर घालणारी आहेत.

चहा-कॉफी हा रुग्ण आधाराला धरतो, कारण तो थकलेला असतो. कॅफिनने धडधड, कंप आणि निद्रानाश वाढतो. दिवसाला सहा-सात कप घेणाऱ्याचा चहा एकदम तोडल्यास डोके धरते, म्हणून आठ दिवसांत दोनवर आणावा आणि मध्ये धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा घातलेले दूध, कोकम सरबत भरावे. घामावाटे आणि मलावाटे जाणारे पाणी भरून काढण्याचेही काम त्यातच होते.

मलप्रवृत्ती दिवसातून चार-पाच वेळा होत असेल तर दुधावर जोर देऊ नये. काहींना या काळात दुधातील शर्करा पचत नाही. तेथे ताजे ताक, भाताची पेज तुपासह, डाळिंब यांवर काही दिवस काढावेत. संप्रेरके ताळ्यावर येऊनही जुलाब थांबत नसतील तर गव्हातील ग्लूटेन न सोसणारा सिलिॲक विकार आहे की काय, हे तपासून घ्यावे. ग्रेव्ह्जच्या रुग्णांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो.

उपवासाबद्दल स्पष्ट बोलावे लागते. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, आणि त्यातले काही निर्जळी. निरोगी माणसाला लंघन हितकर असेल, परंतु येथे अन्न न मिळालेला अग्नी धातूंवर चालतो. रोग आटोक्यात येईपर्यंत उपवास बंद. रुग्ण अगदीच ऐकत नसेल तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, शिंगाडा, दूध, ताक, शेंगदाणे आणि फळे दर दोन-अडीच तासांनी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीसमोर हे सांगितले तर पाळले जाते, असा अनुभव आहे.

पंगत आणि पहाटेचा लुळेपणा

ग्रंथोक्त गुरू-मधुर आहाराला एक गंभीर अपवाद आहे आणि तो तरुण पुरुषांचा. वीस ते चाळीस वयाचा, अंगमेहनत करणारा पुरुष रात्री लग्नाच्या पंगतीत जिलेबी-भात भरपूर जेवून झोपतो आणि पहाटे उठावयास जातो तर पाय हलत नाहीत. शुद्ध पूर्ण असते, संवेदना असते, पण मांड्यांत शक्ती नसते. काही तासांनी आपोआप बरे वाटू लागते. अवटु ग्रंथीच्या अतिक्रियेशी जोडलेला हा नियतकालिक पक्षाघात आशियाई वंशाच्या पुरुषांत विशेषेकरून आढळतो. अधिक संप्रेरक आणि भरपूर पिष्टान्नानंतर स्रवणारे इन्शुलिन यांच्या एकत्रित परिणामाने रक्तातील पोटॅशियम पेशींत खेचले जाते आणि स्नायू लुळे पडतात. जबर श्रमानंतरच्या विश्रांतीतही असे होते. गलगंड आणि धडधड यांकडे तोपर्यंत कोणाचे लक्षही गेलेले नसते.

गावात अशा वेळी काय होते, ते आपण सर्व जाणतो. 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजचे सलाइन लावले जाते. येथे ते घातक ठरू शकते, कारण ग्लुकोज पुन्हा इन्शुलिन जागवते आणि पोटॅशियम आणखी उतरते. श्वासाचे स्नायू आणि हृदयाची गती धोक्यात येऊ शकते. रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवावे, तेथे पोटॅशियम मोजून, हृदयालेख पाहून ते जपून भरले जाते. अर्दित-पक्षवधाच्या कल्पनेने स्नेहन-स्वेदनाला बसविण्याची ही वेळ नव्हे. तरुण पुरुष रुग्णाला म्हणूनच गुरू अन्न एका बैठकीत देऊ नये. तेवढेच अन्न सहा भागांत, प्रत्येक वेळी डाळ, दूध, अंडे वा मांस यांच्या जोडीने, आणि रात्रीचे जेवण हलके. मिठाई व मद्य दोन्ही वर्ज्य. चरकांनी सांगितलेली वरचेवर खाण्याची रीत या रुग्णाने कटाक्षाने पाळावी आणि पोटभर गोड जेवून झोपण्याची सोडावी, असे माझे मत आहे.

मीठ, कोबी आणि बाजरी

रुग्णांचा ठरलेला प्रश्न असतो : आयोडीनचे मीठ बंद करावे काय? डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध झाला आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठाच्या विक्रीवरील केंद्राची बंदी १९९७ साली निघाली, २००० साली उठली आणि २००५ च्या अधिसूचनेने २००६ पासून पुन्हा लागू झाली. या मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर किलोस किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असे मानक आहे. म्हणजे दहा ग्रॅम मिठातून सुमारे १५० मायक्रोग्रॅम, प्रौढाची दिवसाची गरज तेवढीच. एवढ्या मात्रेने ग्रेव्ह्जचा रोग होत नाही आणि ते बंद केल्याने बराही होत नाही. घरात गर्भिणी किंवा लहान मूल असताना एका रुग्णासाठी सर्वांचे मीठ बदलणे तर सर्वस्वी चूक. सैंधव नेत्र्य आहे, अविदाही आहे, रुग्णाच्या ताटात जरूर असावे. पण ते आयोडीनरहित आहे म्हणून रोग जाईल, असे सांगून विकू नये.

घातक असतो तो आयोडीनचा एकाएकी झालेला भडिमार, विशेषतः जुन्या गाठाळ गलगंडावर. जिनिव्हाचे कॉइंदे यांनी १८२० साली गलगंडावर आयोडीन वापरले आणि थोड्याच काळात काही रुग्णांत कृशता व धडधड उद्भवल्याचे त्यांच्या लक्षात आले. टास्मानियात १९६६ साली पावात आयोडीन घालू लागल्यावर अतिक्रियेचे रुग्ण वाढले, त्यांत वृद्ध अधिक होते. आपल्या रुग्णाला हा भडिमार मिठातून क्वचितच होतो. तो होतो हृदयाच्या अमिओडॅरोन या गोळीतून, जिच्या २०० मिलिग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, म्हणजे रोजच्या गरजेच्या पाचशे पट. सी.टी. स्कॅनच्या वेळी शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रव्यातून होतो. आणि अलीकडे 'केल्प' या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमधून होतो. 'थायरॉइडला उपयुक्त, नैसर्गिक' असे शब्द वेष्टणावर असले तरी औषधालयाने ती या रुग्णास देऊ नये.

उलट टोकाला कोबीचा रस. १९२८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे चेस्नी आणि सहकाऱ्यांना कोबीवर पोसलेल्या सशांत गलगंड आढळला. तेव्हापासून 'कोबी थायरॉइड दाबतो' हे वाक्य प्रचारात आले. मंदतेचे रुग्ण त्या भीतीने फ्लॉवरची भाजी सोडतात आणि अतिक्रियेचे रुग्ण त्याच आशेने कच्च्या कोबीचा रस पितात. दोघेही व्यर्थ कष्टतात. शिजविल्यावर त्यातील द्रव्य तयार करणारे किण्वक बरेचसे नष्ट होते. कच्चा कोबी रुग्णाला आधीच असलेले आध्मान आणि जुलाब वाढवितो, आणि औषधाचे काम होईल इतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही. २०१० साली अमेरिकेत एका ८८ वर्षांच्या वृद्धेची हकीकत प्रसिद्ध झाली. ती कित्येक महिने रोज किलोभर कच्चा चिनी कोबी खात होती आणि ग्रंथीच्या तीव्र मंदतेने बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचली. अन्नाचे औषध करावयाचे तर मात्रा, काल आणि अवस्था लागतात. येथे त्यांतले काहीच नव्हते.

बाजरीचेही तसेच. सुदानमधील दारफूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या वस्तीत गलगंड पुष्कळ, आणि तिच्यातील काही फ्लेव्होनॉइड ग्रंथीच्या क्रियेत अडथळा आणतात असे गेतान आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखविले. म्हणून कोणी बाजरीची भाकरी अतिक्रियेवर औषध म्हणून सुचवील. बाजरी उष्ण आणि रूक्ष आहे. या रुग्णाला ज्वारी बरी.

अस्थिधातूकडे मात्र हटकून लक्ष द्यावे. वाढलेली संप्रेरके हाडांतील कॅल्शियम ओढून मूत्रावाटे घालवितात. रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रीत हे दुहेरी नुकसान. प्रौढाला दिवसास १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठातून सुमारे ३५० मिळते, पेलाभर दुधातून अडीचशेच्या आसपास. राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, ताक हे बाकीचे भरून काढतात. तीळ उत्तम, पण उष्ण; तो हिवाळ्यापुरता. सकाळचे कोवळे ऊन सर्वांना सुचविले जाते, परंतु त्वचेत जीवनसत्त्व डी तयार होण्यास दुपारच्या आसपासचे ऊन लागते आणि या रुग्णाला तेच सोसत नाही. म्हणून त्याची रक्तपातळी तपासून पूरक मात्रा द्यावी हे बरे.

डोळे बाहेर आलेल्या रुग्णास धूम्रपान पूर्ण बंद, यात तडजोड नाही. धूम्रपानाने नेत्रविकार बळावतो हे निर्विवाद आहे. सौम्य नेत्रविकारात सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम रोज, सहा महिने दिल्याने लाभ झाल्याचा युरोपातील अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तो अभ्यास सेलेनियमची मुळात थोडी उणीव असलेल्या प्रदेशांतला होता, हे विसरून प्रत्येकाला त्याच्या गोळ्या देत सुटणे योग्य नाही.

फळीवरील औषधे

अश्वगंधेने ग्रंथीची क्रिया वाढते, याचे संकेत एकाहून अधिक ठिकाणांहून आले आहेत. इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात पांडा आणि कर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील अभ्यासात अश्वगंधेच्या मुळाने आणि 'बाउहिनिया पर्प्युरिया'च्या सालीने संप्रेरके वाढली. हा आपला कांचनार नव्हे. कांचनार म्हणून मान्य असलेली जाती 'व्हेरिएगाटा' होय. पण सालीच्या पोत्यात दोन्ही एकमेकांत मिसळलेली येऊ शकतात, हे घाऊक खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोनने ग्रंथी उत्तेजित होते, हे वाराणसीच्या त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली उंदरांत दाखविले. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मंदतेच्या सौम्य रुग्णांवरील चाचणीत ६०० मिलिग्रॅम अश्वगंधेने आठ आठवड्यांत टी.एस.एच. उतरले. मंदतेच्या रुग्णाला हा गुण, तर अतिक्रियेच्या रुग्णाला हाच दोष. उंदरांवरील अभ्यासांना मर्यादा आहेत आणि अश्वगंधेच्या सुरक्षिततेवर वाद चालू आहे. पण निद्रानाश आणि कृशता एकत्र असलेल्या रुग्णास ती देण्यापूर्वी नाडी मोजणे आणि एक टी.एस.एच. करून घेणे, एवढे तर वादातीत आहे. बाटली मागणाऱ्यास गल्ल्यावरही तीन प्रश्न विचारता येतात : भूक चांगली असून वजन उतरले आहे काय, बसल्या जागी धडधडते काय, पसरलेल्या बोटांना कंप आहे काय. तिन्हींचे उत्तर होय असेल तर बाटली फळीवर राहू द्यावी आणि रुग्णाला वैद्याकडे धाडावे.

केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांचा घोळ निराळाच. मोठ्या मात्रेतील बायोटिन रक्ततपासणीच्या काही पद्धतींत ढवळाढवळ करते. टी.एस.एच. खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. निरोगी माणूस अतिक्रियेचा रुग्ण ठरतो, आणि उपचार घेणाऱ्याचा रोग बळावल्याचा भास होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल सावध केले. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ही गोळी थांबवावी. ती विकताना हे सांगण्यास अर्धा मिनिट लागतो.

रोगाचे मूळ दडपणारे कार्बिमाझोल रुग्ण घेत असेल तर आपल्या पथ्याचे त्याच्याशी भांडण नाही. ते बंद करण्याचा सल्ला आपण कधीही देऊ नये. एक गोष्ट मात्र प्रत्येक वैद्याला ठाऊक असावी. या औषधाने क्वचित, हजारांत दोन ते पाच जणांत, रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. त्याची पहिली चाहूल म्हणजे ताप आणि घसादुखी. हा रुग्ण आपल्याकडे सितोपलादी आणि ज्येष्ठमधाच्या काढ्यासाठी येतो. कार्बिमाझोल चालू आहे असे कळताच काढा बाजूला ठेवावा, त्या गोळीची पुढील मात्रा थांबवावी आणि त्याच दिवशी रक्तातील पेशींची तपासणी करून मूळ चिकित्सकाकडे पाठवावे. तीव्र ताप, नाडी १४० च्या पुढे, भ्रम आणि वांती असे चित्र असेल तर थेट रुग्णालय.

औषध लागू पडल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांत संप्रेरके खाली येतात. अग्नी शमतो, पण खाण्याची सवय शमत नाही. सहा वेळा खाणे, सढळ तूप, रात्रीची खीर, सारे चालूच राहते आणि पहिल्या चार-सहा महिन्यांत गेलेले वजन परत येऊन वर आणखी चढते. रुग्ण 'गोळीने सुजलो' म्हणतो आणि गोळी सोडतो, रोग उलटतो. याचा बंदोबस्त पथ्य लिहून देतानाच करावा लागतो. पत्रावर दोन ताटे लिहावीत : एक आजचे, दुसरे टी-४ प्राकृत झाल्यानंतरचे. दुसऱ्यात प्रथम रात्रीची खीर आणि मधल्या वेळचे लाडू जातात, मग तूप निम्मे होते, प्रथिने आणि कॅल्शियम तसेच राहते. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाची ग्रंथी पुढे बहुधा मंद होते आणि त्याला आयुष्यभर थायरॉक्सिन लागते. तेव्हा गोळीनंतर अर्धा-पाऊण तास दूध, नाचणीची आंबील, चहा काहीही घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी.